एजंटाला माहेर शिकवलं तव्हा

जालन्यात एजंट म्हणलं की बियाणं कंपनीचा, विम्याचा, न्हाईतर आरटीओच्या दारात फाइल घेऊन उभा असलेला. मी ज्याच्यासंगं काम केलं तो एजंट चहा पेत न्हाई, पान खात न्हाई, आन त्याला मी कधी पाह्यलं बी न्हाई. तरी त्याला शिकवायचं काम माझ्याकडं आल्तं. माझी शाळा चौथीपर्यंत. कुणाला हसू आलं असंल तर आधी हसून घ्या, मंग पुढं वाचा.

या अंकाच्या संपादक बाई म्हणल्या, "मामा, तुम्ही नुसतं बोला, आमचा माणूस लिहून घेईल." म्हणलं, न्हाई. उमर गेली दुसऱ्यांनी लिहिलेलं सांभाळण्यात, आता माझं मी लिहितो. अट एकच घातली. माझ्या 'न्हाई'चं कुणी 'नाही' करायचं न्हाई.

तर मी कडूबा. इथल्या एका धर्मादाय दवाखान्याच्या रेकॉर्ड रूमचा माणूस. रेकॉर्ड रूम म्हणजे काय, हे बाहेरच्याला ठाऊक नसतं. माणूस दवाखान्यात आला की डॉक्टर त्याच्या कागदावर लिहितो. काय दुखतं, काय दिलं, काय सोसलं, काय सोसलं न्हाई. माणूस बरा होऊन घरी जातो, कागद आमच्याकडं येतो. पुढं कधी तोच माणूस पुन्हा आला तर नव्या डॉक्टरला तो जुना कागद लागतो. तो जल्दी काढून देणं एवढंच माझं काम. कापडात बांधलेले बस्ते, ते रचायचे लोखंडी घोडे, आन मी. दुसरं कुणी तिथं टिकलं न्हाई, धुळीनं खोकला लागायचा. मला बी लागला, पण मी टिकलो.

खिडकीत गडीमाणूस आला तर मी नाव-गाव विचारायचो. बाई आली तर आधी विचारायचो, "माहेर कुठलं?"

याच्यावरून माझी लई टिंगल झाली. ओपीडीतली सिस्टर येता-जाता म्हणायची, "मामा, नुसतं माहेर काय विचारता, दिवाळीची साडी बी धाडा." मी म्हणायचो, "तुझं माहेर सांग, आजच धाडतो." पण विचारायचं सोडलं न्हाई. कारण साधं हाये. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. पोरीला बाप घेऊन येतो, आन बाप तिचं नाव काय सांगणार? त्यानं ठेवलेलं. गाव त्याचं, आडनाव त्याचं. दुसऱ्या खेपेला तीच बाई सासरच्या गावावरून येते. आडनाव बदललेलं, आन लई घरांत नाव बी बदललेलं, लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेलं. बाई एक, कागद दोन. ते दोन कागद एकमेकांना वळखत न्हाईत.

दुसरी गोष्ट त्याहून वंगाळ. पहिल्या बाळंतपणात पोरीला काही झालं, लई रक्त गेलं, फिट आली, तर माहेरचे ते सासरी कळू देत न्हाईत. उद्या म्हणतील, पोरगी रोगट दिली. पोरीला बी बजावून धाडतात. त्यामुळं सासू शेजारी उभी असली की ती पोरगी डॉक्टरपुढं तोंड उघडत न्हाई. मंग बोलणारा एकच उरतो, तो जुना कागद. तो काढायचा तर माहेर विचारावं लागतं, आन सासूसमोर विचारलं तर पोरगी खाली बघते. म्हणून मी सासूला म्हणायचो, "मावशी, तेवढी पावती पल्याडच्या खिडकीतून आणा." पल्याडच्या खिडकीत कसलीच पावती नसायची. सासू तिकडं भांडून येईस्तोवर माझं विचारून झालेलं असायचं.

मी रिटायर झालो. मागून सगळे बस्ते मशीनखाली घालून कॉम्प्युटरात टाकले. मंग पुण्याची एक कंपनी आली आन दवाखान्यात एजंट बसवायचं ठरलं. कागदांतलं काय कुठं हाये हे त्यांना उमगंना, तव्हा मला घरून बोलावणं आलं.

कंपनीनं जी पोरगी धाडली ती आपल्याच जुन्या जालन्यातली निघाली. रुबीना. बाप कपड्याच्या दुकानात, घरात उर्दू, शिकली पुण्यात. मला पहिल्या दिवसापासून मामू म्हणाली. हुशार, आन हुशारीचा ताठा बिलकुल न्हाई. तिचं काम काय हे तिनं मला सांगितलं, ते मी तुम्हाला सांगतो.

एजंट म्हणजे कॉम्प्युटरातला एक गडी समजा. डॉक्टर त्याला साध्या बोलीत विचारतो, या पेशंटचं मागचं काय हाये? पण हा गडी स्वतः कपाटात शिरत न्हाई. त्याच्यापुढं औजारं मांडून ठेवलेली असतात. एक औजार नावावरून माणूस शोधायचं. दुसरं त्या माणसाच्या मागच्या भेटी आणायचं. तिसरं एका भेटीत डॉक्टरनं काय लिहिलं ते आणायचं. दरेक औजाराला एक चिठ्ठी चिकटवलेली. हे कशासाठी, याला काय द्यायचं, हे काय आणून देईल, कधी उचलायचं न्हाई. गडी ती चिठ्ठी वाचून औजार उचलतो. चिठ्ठीत नसंल ते त्याच्या लेखी जगातच न्हाई. त्या चिठ्ठ्या लिहिणं ही रुबीनाची नोकरी.

"एवढंच?" मी म्हणलं.

"एवढंच मामू. पन इसीमें सब है."

मी बोलायचो, ती लिहायची. एक दिवस मी विचारलं, औजाराला कागद मिळाला न्हाई तर ते काय म्हणतं? ती म्हणाली, "नोंद नाही, असं म्हणतं." म्हणलं, पोरी, हे चूक. मी खिडकीतून 'न्हाई' म्हणायचो तव्हा डॉक्टर माझं तोंड बघायचे. 'न्हाईच' वेगळं आन 'सापडलं न्हाई' वेगळं. तिला पटलं. तिनं बदललं, "नोंद सापडली नाही. दुसऱ्या नावाने असू शकते." ते वाक्य आजबी तिथं हाये.

दुसऱ्या एका दिवशी एमआयडीसीतल्या सळईच्या मिलमधला एक कामगार पोट धरून आला. एजंटानं डॉक्टरला सांगितलं, याचं अपेंडिक्स मागंच काढलेलं हाये. डॉक्टरनं सदरा वर केला, टाक्याची खूण कुठंच न्हाई.

"अरे, ऑपरेशन कुठं केलं तुझं?"

"माझं न्हाई साहेब, धाकट्याचं. कार्ड माझं व्हतं."

डॉक्टर हसू लागला, कामगार पोट धरून कण्हत कण्हत बी हसला. रुबीना माझ्याकडं वळली, "मामू, आता याला काय लिहू?" म्हणलं लिही, कार्डावरचं नाव आन टेबलावरचं पोट एकाचंच हाये असं धरून चालू नको. पुण्याच्या साहेबानं ते वाक्य धुऊन इस्त्री करून घेतलं, पण घेतलं. त्या दिवशी घरी जाताना मी मुलाच्या गाडीवर मागं ताठ बसलो होतो. चौथी शिकलेल्याचं वाक्य वाचून एजंट चालून राह्यला, ही गोष्ट लहान न्हाई.

मंग आलं माहेर.

मी सांगितलं, "लिही. बाई असंल आन कागद सापडंना, तर तिचं माहेरचं नाव, बापाचं नाव, माहेरचं गाव विचारून पुन्हा शोध. सासरचं माणूस जवळ असंल तर विचारू नको."

रुबीनाचा हात थांबला. "मामू, जवळ कोण उभं है ते एजंटला कसं कळणार?"

"डोळे न्हाईत का त्याला?"

"न्हाई."

"कान?"

"न्हाई मामू. टाइप केलेलं तेवढंच कळतं."

"तरी लिही. त्याला कळंना तर वाचणाऱ्याला कळंल."

ती म्हणाली, अर्धंच पाळता येईल असं वाक्य लिहू नये, असं आम्हाला शिकवतात. मी हट्टाला पेटलो. म्हणलं, सगळं लिही न्हाईतर मी चाललो. तिनं लिहिलं.

आन चाललं बी. सुरवातीला असे असे जुने कागद वर आले की डॉक्टर चकित. एका बाईला कोणत्या इंजेक्शननं अंगावर गांधी उठल्या होत्या ते माहेरच्या कागदात निघालं, इंजेक्शन बदललं. रुबीनानं मला साखरेचा चहा पाजला, मला साखर मना असताना.

मंग एक दिवस केसपेपरच्या खिडकीत एक नवी नवरी आली, संगं सासू. एजंटानं खिडकीतल्या क्लार्कच्या पडद्यावर प्रश्न टाकला, माहेरचं नाव विचारा. क्लार्कनं मोठ्यानं विचारलं, मागं रांग होती. पोरीनं नाव सांगितलं. पडद्यावर जुना कागद आला, क्लार्कनं तो बी मोठ्यानं वाचला, "फिटची गोळी चालू होती, आता चालू आहे का?" त्याचा बी काही वाईट हेतू नव्हता. त्याला वाटलं, काम बराबर करून राह्यलो.

सासूनं तिथंच पोरीचा दंड धरला. "आस्सं व्हय? फिटची? आन तुझा बाप देवाची शपथ खाऊन गेल्ता!" त्याच दिवशी तिला माहेरी नेऊन सोडली. पुन्हा नेली का न्हाई, मला ठाऊक न्हाई. मी विचारायला बी गेलो न्हाई, काय तोंडानं जायचं?

तिच्या बापानं दवाखान्यात तक्रार केली. मिटिंग झाली. पुण्याचा साहेब पडद्यावर, आम्ही इकडं खुर्च्यांवर. साहेब सभ्य माणूस होता. म्हणाला, "काका, हे घरगुती प्रश्न आहेत. औजाराच्या माहितीत ते बसत नाहीत. वाक्य काढून टाकू."

म्हणलं, "काढू नका, बदला. खिडकीत विचारू नका. आत, पडद्याआड, सिस्टरला विचारू द्या. बाई एकटी असताना."

"ते औजाराच्या हातात नाही काका. कुणी कुठं काय विचारायचं, ते दवाखान्यानं ठरवायचं."

मी दवाखान्याच्या साहेबाकडं पाह्यलं. ते म्हणाले, "सिस्टर आधीच कमी आहेत. सिस्टीम घेतलीच आहे तर सिस्टीमनंच करायला पाहिजे ना?"

दोघं बी खोटं बोलत नव्हते. त्याचाच जास्त संताप आला. रुबीना म्हणाली, "सर, निदान अर्धं राहू द्या." पण कोणतं अर्धं? विचारा म्हणावं तर सासूसमोर विचारतात. विचारू नका म्हणावं तर कागद मातीत. मी उठलो, चपला घातल्या आन घरी आलो. रुबीना पायरीपर्यंत मागं आली, "मामू, रुको ना." मी थांबलो न्हाई. लोक आता म्हणतात, मामा, तुम्ही थांबायला पायजे होतं. थांबून काय केलं असतं? माझ्याजवळ तरी कुठं दुसरं वाक्य होतं?

माहेरचं वाक्य काढून टाकलं. त्यानंतर बदनापूरकडची एक बाई दुसऱ्या बाळंतपणाला आली. नाव गायत्री. दिवसाउजेडी आली, कळा बराबर चालू, घाबरण्यासारखं काही न्हाई. डॉक्टर पोरगा चांगला होता, त्यानं विचारलं, "पहिल्या वेळी काही त्रास?" सासू म्हणाली, "माहेरी झालं, बिलकुल बराबर झालं." सासू खोटं बोलली न्हाई, तिला तेवढंच माहीत होतं. गायत्रीनं मान हलवली. डॉक्टरनं एजंटाला विचारलं. एजंटानं नावाचं औजार उचललं आन उत्तर आणलं, "नोंद सापडली नाही. दुसऱ्या नावाने असू शकते."

माझं वाक्य. बराबर लिहिलेलं. पण दिवसात कितीदा तरी तेच वाक्य पडद्यावर यायचं, आन दरवेळी दुसरं नाव शोधत बसायला त्या पोराला फुरसत कुठं होती? त्यानं ते 'न्हाईच' म्हणून वाचलं.

बाळ झालं. मंग रक्त थांबंना. रक्त आणायला माणूस पळाला, आलं बी, पण ते चढेस्तोवर बाई गेल्ती.

मला हे रुबीनानं फोनवर सांगितलं. ती रडत न्हाई, तिचा आवाज सपाट होतो. मी म्हणलं, "पहिलं कुठं झाल्तं तिचं?" ती म्हणाली, "मालूम नहीं मामू. कुणी विचारलंच न्हाई."

तिचे दिवस झाले आन मला दवाखान्यातून बोलावणं आलं. एक म्हातारा, गायत्रीचा बाप, रेकॉर्ड रूमवाल्या मामाला शोधत आल्ता. खिडकीला आता पत्रा ठोकलाय, तिच्यापुढं बसून होता. मला बघून उठला. तोंड ओळखीचं वाटलं, नाव आठवंना.

"मामा, वडीगोद्रीचा मी. मंगलला घेऊन आल्तो पहिल्या खेपेला. तुम्हीच कागद केल्ता."

रुबीनाच्या टेबलापाशी नेलं त्याला. त्यानं सांगितलं, रुबीनानं टाइप केलं. मंगल, त्याचं नाव, त्याचं आडनाव, वडीगोद्री. एजंटानं डोळ्याचं पातं लवायच्या आत कागद आणला. सगळा. तारखेसकट, सहीसकट. रुबीना वाचू लागली आन मधीच थांबली.

"वाच बाई," म्हातारा म्हणाला.

बाळंतपणानंतर रक्त फार गेलं, रक्त चढवलं. आन खाली डॉक्टरनं अधोरेखित केलेलं, पुढच्या बाळंतपणाला रक्त आधी तयार ठेवावे.

म्हातारा पडद्याजवळ सरकला. मंग म्हणाला, "तव्हा काहून न्हाई सापडलं?"

"सासरी नाव गायत्री व्हतं तिचं," मी म्हणलं.

"त्यांनी ठेवलं. माझ्याच मांडवात. मीच तांदळाचं ताट आणून दिल्तं. आन सासरी बोलू नको, हे तिच्या मायनं सांगितलं, मी बी सांगितलं. बोलली न्हाई पोरगी. शेवटपर्यंत न्हाई बोलली."

मी एवढी वर्षं त्या खिडकीत बसलो, सासवांना खोट्या पावत्यांना पळवलं, ते सगळं माझ्या डोक्यात होतं आन माझ्यासंगं घरी गेल्तं. त्याचं वाक्य व्हायला तयार न्हाई. अजून न्हाई. दिवसा दारात बसलो की मी तेच जुळवत बसतो, असं लिहिलं तर ती फिटवाली पोरगी सासरी राहील, तसं लिहिलं तर ही वाचंल. दोघी एका चिठ्ठीत बसत न्हाईत. रुबीनाला विचारलं, तू शिकलेली, तुला जमंल का? ती म्हणाली, मामू, मी रोज लिहून खोडते.

म्हाताऱ्यानं पडद्यावर बोट ठेवलं, कागदाच्या सगळ्यात खाली. "हे काय लिहिलंय?"

ते घरी सोडतानाचं होतं, मराठीतच होतं, पण त्याला वाचता येत नव्हतं. मी वाचलं. "आई व बाळ सुखरूप. घरी सोडले."

"हे खोडा."

रुबीना म्हणाली, "चाचा, ते मागच्या वेळचं है."

"कव्हाचं बी असू द्या. ती न्हाई आता. खोडा ते."

"माझ्याकडून न्हाई होत चाचा. एजंटकडून पन न्हाई होत."

तो माझ्याकडं वळला. "मामा, तुमच्या हातचा कागद हाये. तुम्ही तरी."

मी त्याला सांगितलं, आमच्याकडं शोधायचं औजार हाये, आणायचं हाये, वाचून दाखवायचं हाये. खोडायचं न्हाई. त्याला ते पटलं न्हाई. तो तसाच बसून राह्यला, बोट पडद्यावर. थोड्या वेळानं कुणी काही न केल्यामुळं पडदा आपोआप काळा झाला. रुबीनानं त्याच्यासाठी पाण्याचा गिलास सरकवला, तिचा हात बटनाला लागला, आन पडदा पुन्हा उजळला. त्याच्या बोटाखाली तीच ओळ होती.